न पडलेल्या अक्षता

भाऊ गेल्याची बातमी मला मोबाईलवरच्या एका फोटोतून कळली. चष्मा हाताशी नव्हता, म्हणून आधी वाटलं, कुणीतरी वाढदिवसाचं पोस्टर पाठवलं आहे. फोटो त्याच्या पहिल्या निवडणुकीतला होता, फेटा बांधलेला, मिशीत हसणारा. आमच्याकडे वाढदिवसाची आणि मरणाची पोस्टरं एकाच दुकानात तयार होतात, त्यामुळे लांबून दोन्ही सारखीच दिसतात. चष्मा लावला तेव्हा फोटोच्या कडेला काढलेली समई दिसली. मी घराच्या पायरीवर बसून राहिलो. अशा वेळी ज्याला फोन करावा असा माझ्या आयुष्यात एकच माणूस उरला होता आणि बातमी त्याचीच होती.

भाऊ म्हणजे भागवतराव. आमच्या भागाचे दोन वेळचे आमदार, तिसऱ्या वेळी पडलेले. माझा तो शाळेपासूनचा मित्र, म्हणून मी एकेरीत लिहितो आहे, वाचकांनी राग मानू नये. मी याकोब. नोकरी प्राथमिक शिक्षकाची, त्यातली निम्मी नेवाशाकडच्या शाळांमध्ये गेली. निवृत्तीनंतर गावी आलो, ते भाऊच्या पहिल्या निवडणुकीच्या वर्षी. पत्नी वारली, मुलगी लांब दिली आहे. गावात मला सगळे मास्तर म्हणतात. भाऊ आमदार असताना त्याच्या सावलीसारखा मी असायचो, आणि त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. म्हणूनच हे लिहिणं माझ्याकडे येतं, आणि म्हणूनच ते इतके दिवस होत नव्हतं.

दशक्रियेला नदीवर पुष्कळ लोक आले होते. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एक पुढारी उठले. त्यांनी भाऊच्या साधेपणाचं कौतुक केलं, डोळे पुसले आणि शेवटी म्हणाले, "भाऊ आता वरच्या सभागृहात गेलेत. तिथंही विधेयक मांडतील. आणि मांडलं रे मांडलं, की आपल्याला सांगतील… अक्षता पडल्या!" हसू फुटलं. मोठं नाही, दशक्रियेला शोभेल इतपतच. बायकांमध्ये बसलेल्या भाऊच्या पत्नीनं, शांतावहिनींनी, पदर पुढे ओढला. मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर होतो. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकवून उठायच्या बेतात आलो होतो. उठलो नाही. तेवढ्यात कावळा शिवला, लोक उभे राहिले, आणि माझी वेळ निघून गेली.

बाहेरच्या वाचकाला हा विनोद कळायचा नाही. आमच्या तालुक्यात मात्र तो लहान पोरालाही ठाऊक आहे. भाऊनं स्वतःचं विधेयक पास झालेलं नसताना भर बाजारात पास झालं म्हणून सांगायला लावलं, मतांसाठी लोकांना फसवलं, अशी ती गोष्ट आहे. बोललो मी होतो, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. पण मास्तर बिचारा भाऊनं लिहून दिलं तेच बोलला, असं सगळे धरून चालतात. भाऊनं ते लिहून दिलं नव्हतं. त्यानं बरोबर उलटं सांगितलं होतं. ते खोटं माझं होतं, एकट्याचं. हे नदीवर उभं राहून बोलायला जेवढा श्वास लागला असता, तेवढा मला सापडला नाही.

भाऊच्या वडलांचा गुरांचा व्यापार होता. त्या काळी निरोप पोरांच्या तोंडी जायचे. वडील ओसरीवर बसून भाऊला सांगायचे, "पल्याडच्या वस्तीवर जा. म्हनावं, बैल बघायला मंगळवारी येतो, बुधवारी न्हाई. आन् दावनीला बांदून ठेवा, चरायला सोडू नका." पोरगं पळायला लागलं की मानगूट धरून मागं ओढायचे, "आदी मला सांग, काय सांगनार?" मग भाऊनं सगळा निरोप परत म्हणून दाखवायचा. एखादा शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच्याबरोबर मी असलो तर मलाही म्हणायला लावायचे. मंगळवारचा बुधवार झाला तर बैलाचा सौदा मोडायचा, म्हणून एवढी काळजी. पुढे भाऊ निवडून आला, मुंबईचं पहिलं अधिवेशन करून परतला आणि मला म्हणाला, "मास्तर, आमदार म्हंजे निरोप्याच की रे. हितलं तिथं सांगायचं, तिथलं हितं. पर तिथलं हितं कोनीच सांगत न्हाई."

त्यानं सांगायला सुरुवात केली. अधिवेशन संपलं की त्यानंतरच्या आठवडे बाजाराला तो बाजारतळावरच्या लिंबाखाली ओट्यावर उभा राहायचा. हार नाही, सत्कार नाही. एक माईक आणि मी. त्या अधिवेशनात कोणती विधेयकं आली, त्यातली आपल्या कामाची कोणती, त्यानं कशाला होय म्हटलं, कशाला नाही, हे तो सांगायचा. शेवटी, जे कळलं नाही तेही सांगायचा. "ह्या एका विधेयकातलं मला काय बी उमगलं न्हाई. शेजारचा होय म्हनला म्हनून मी बी म्हनलो. पुन्हा असं करनार न्हाई." कांदे विकणारा एकजण ओरडला होता, "भाऊ, आमचं बी लगीन असंच झालं!" त्या दिवशी बाजार नुसता हसत होता.

विधेयक म्हणजे कायदा नव्हे, हे लोकांना समजावणं सगळ्यांत अवघड जायचं. पेपरात 'विधेयक सादर' असं आलं की लोक दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन उभे राहायचे. मग भाऊनं त्याची वाट काढली. विधेयक मांडलं म्हणजे स्थळ आलं. चर्चा होऊन जमतंय असं दिसलं म्हणजे सुपारी फुटली. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राज्यपालांची सही झाली, म्हणजे अक्षता पडल्या. आणि कायद्याचे नियम होऊन तो कचेरीत चालू झाला, म्हणजे पोरगी नांदायला आली. "अक्षता पडल्या तरी हुरळू नका," तो म्हणायचा, "कैक पोरी नांदायला जातच न्हाईत." ही भाषा आमच्या भागात इतकी रुळली की म्हातारी माणसं पेपर वाचणाऱ्याला विचारायची, "पानंद रस्त्याचं कुटवर आलं? सुपारी तरी फुटली का?"

आणि सांगून झालं की वडलांची रीत. भाऊ गर्दीतल्या कुणाला तरी उभं करायचा, "आता तुमी मला सांगा." त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे हौसाबाई. ओट्यासमोरच सुके बोंबील घेऊन बसायची. नवरा लवकर गेलेला, गावाबाहेर सरकारी गायरानात पत्र्याचं घर.

"म्या कशाला सांगू?" ती म्हणायची. "निवडून तुमाला दिलंय ना."

"सांगा तरी."

"दुधाचं स्थळ आलंय. पोरगा बरा दिसतोय, पर त्याचं घर अजून कोनी बगितलं न्हाई."

"बराबर."

"आन् भाऊ, तुमी आदी पानी प्या. घसा बोंबलासारका सुकलाय तुमचा."

हौसाबाईनं बरोबर सांगितलं की भाऊ ओट्यावरून उतरायचा. चुकलं तर चूक तिची नाही, आपल्या सांगण्याची, असं म्हणून पुन्हा सांगायचा. बाजाराच्या आधी त्याची एक तालीम व्हायची, ती माझ्यासमोर. त्याच्या ओसरीवर दोन लोखंडी खुर्च्या होत्या. तो आपली खुर्ची ओढून माझ्या इतक्या जवळ आणायचा की गुडघ्याला गुडघा लागायचा. सगळं सांगायचा आणि म्हणायचा, "आता तू मला सांग." मी सांगायचो. मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं नीट काही शिकलो नाही.

पण दुसऱ्या मुदतीत गर्दी आटायला लागली. खरी गोष्ट अशी की खरं सांगणं कंटाळवाणं असतं. दर वेळी स्थळच यायचं, अक्षता क्वचित. दुसरे पुढारी मांडव घालून जेवणं देत होते, हा बाजारात उभा राहून कलमं समजावत होता. पोरं पाठीमागून म्हणायची, "भाऊंचं वधूवर सूचक मंडळ आलं." भाऊ हसायचा. मला लागायचं. त्याच्या जागी मलाच लागायचं, ही माझी खोड होती.

गायरानातल्या घरांचं विधेयक त्यानं स्वतः आणलं. सरकारनं नव्हे, एखाद्या आमदारानं आपण होऊन विधेयक मांडायची सोय असते. अशातलं एखादंच कधीतरी पुढे सरकतं, हे भाऊ पहिल्या दिवसापासून सांगत होता. जे लोक वर्षानुवर्षं गायरानात राहतात, ज्यांना दुसरी जागा नाही, त्यांची राहती घरं त्यांच्या नावावर व्हावीत, एवढंच त्यात होतं. त्याच्या मसुद्यासाठी आम्ही दोघं महिनोन्‌महिने वस्त्यांवर हिंडलो. हौसाबाईच्या दारात बसून भाऊनं तिला कलमं वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "ह्ये लगीन माज्या हयातीत लागू द्या म्हंजे झालं."

हिवाळी अधिवेशनाला मी त्याच्याबरोबर नागपूरला गेलो. त्याचं विधेयक होतं त्या शुक्रवारी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून मी सगळं पाहिलं. भाऊ उभा राहिला, विधेयक मांडायला परवानगी द्यावी असं म्हणाला. अध्यक्षांनी सभागृहाला विचारलं. काहीजण 'होय' म्हणाले, बाकीचे आपसांत बोलत होते. परवानगी मिळाली. एक कांदा चिरायला लागेल तेवढ्यात आटोपलं. माझे डोळे भरून आले होते, ते खरं. पण जे झालं ते काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पाहुणे मुलगी बघायला यायला तयार आहेत, एवढंच झालं होतं. पोहेसुद्धा झाले नव्हते. मला कळलं नाही, माझी गफलत झाली, असं मी कधीही म्हणू शकत नाही.

नागपूरच्या थंडीत भाऊचा घसा बसला तो बसलाच. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्राला सूज आहे, महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. वहिनींनी नातवाची पाटी त्याच्या हातात दिली. बाजाराच्या आदल्या दिवशी ओसरीवर आमची तालीम झाली, ती त्या पाटीवर. एकेक विधेयक तो लिहायचा, पुसायचा. गायरानाचं आलं तेव्हा त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नुसतं स्थळ आलंय. जास्त बोलू नको.' दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली. मग पाटी छातीशी धरून माझ्याकडे बोट केलं. आता तू मला सांग. मी सांगितलं, सगळं बरोबर सांगितलं. त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला कधी नव्हती एवढी गर्दी होती. पेपरात बातमी आली होती, वस्त्यावस्त्यांवरची माणसं आली होती. भाऊ ओट्यावर खुर्चीत बसला होता, गळ्याला मफलर, तोंड उतरलेलं. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात बोललो नव्हतो. बाकीची विधेयकं सांगून झाली आणि मी गायरानाकडे वळलो, तसं मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आलं का परत स्थळ?" हशा पिकला. मी भाऊकडे पाहिलं. तो हसत होता, नेहमीसारखाच. गळ्याला मफलर गुंडाळलेला, आवाज गमावून आलेला हा माणूस, आणि त्याच्या हाती द्यायला माझ्याकडे पुन्हा एक स्थळच होतं… मला वाटलं, एकदा तरी याच्यासाठी टाळ्या वाजाव्यात. एकदाच. मी म्हणालो, "स्थळ नाही. अक्षता पडल्या."

मग जो गलका उठला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. धान्याच्या व्यापाऱ्यानं समोरच्या पोत्यात हात घातला आणि ज्वारीची मूठ भाऊच्या अंगावर उधळली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. बायका हसत रडत होत्या. भाऊ उठला होता. एक हात गळ्यावर आणि दुसरा हलवत तो काहीतरी सांगू पाहत होता, घशातून नुसती हवा येत होती. लोकांना वाटलं, भाऊला भरून आलं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. ओट्याच्या पायाशी हौसाबाई उभी होती, पदर नीट करून, कुणी न बोलावता. ती म्हणाली, "मास्तर, म्या सांगू का परत?" मी म्हणालो, "आज राहू द्या, बाई. आज काय सांगायचं?" त्या रीतीला फाटा दिलेला तो पहिला बाजार.

परत जाताना जीपमध्ये आम्ही दोघं मागं बसलो होतो. भाऊ मफलरच्या घड्यांतून, सदऱ्याच्या कॉलरमधून ज्वारीचे दाणे वेचत होता. वेचून झाले तेव्हा त्यानं माझा हात ओढून घेतला, ते सगळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटवली. पाटी शेजारीच पडली होती. तिला त्यानं हात लावला नाही.

त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही, त्यानंही बोलावलं नाही. पत्रक काढून किंवा पेपरात देऊन त्याला दुरुस्ती करता आली असती. ती त्यानं का केली नाही, हे वहिनींनी मला आता सांगितलं. त्यानं पाटीवर त्यांना लिहून दाखवलं होतं, निरोप चुकला तर दुसरा माणूस पाठवून भागत नाही, स्वतः जावं लागतं. आवाज येईपर्यंत तो थांबला. तो त्याचा निर्णय चुकला, असं मी आज त्याचा मित्र म्हणूनच म्हणतो. कारण मधल्या त्या दिवसांत ग्रामपंचायतीनं गायरानातल्या लोकांसमोर एक गोष्ट ठेवली होती. जे राजीखुशीनं हलतील त्यांना गावाच्या दुसऱ्या अंगाला नव्या वसाहतीत प्लॉट. बहुतेकांनी संशयानं का होईना, घेतले. काहींनी नाकारले. अक्षता पडल्यात, आता घर आपलंच, कशाला हलायचं?

भाऊचा आवाज आला तो जात्यात खडा अडकल्यासारखा. तसाच तो बाजारात उभा राहिला. मला निरोप होता, ये म्हणून. मी गेलो. तो म्हणाला, "मागं ह्या ओट्यावरून तुमाला जे सांगितलं ते खोटं हुतं. आमदार मी हाय, तवा खोटं माझं. अक्षता पडल्या न्हाईत. नुसतं स्थळ आलंय, ते बी उद्या परत जाईल. आता हौसाबाई, तुमी मला सांगा."

हौसाबाई उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "काय सांगू भाऊ? पलाट नगं म्हनून म्या आंगठा दिऊन आले."

बाजारात कुणी हसलं नाही. मग एकदम आरडाओरडा झाला. "विकला गेला!" "सुपारी घेतली न् लगीन मोडलं!" एकजण माझ्या बाजूनं बोलला, तेच सगळ्यांत वाईट. "मास्तरांचा काय दोष? त्यांना लिवून दिलं ते त्यांनी सांगितलं. मास्तराला कशाला बळी देता?" भाऊनं फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हौसाबाईला विचारताना पाहायचा तसं, आता तू सांग, असं. मी माईकची वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झाली, तरी सोडून पुन्हा गुंडाळली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निवडणुकीत भाऊ पडला. विधानसभेची मुदत संपली, तसं चर्चेला न आलेलं ते विधेयकही संपलं. नवी वसाहत भरली, हौसाबाईला नंतर प्लॉट मिळाला नाही. गायरान जवळजवळ रिकामं झालं. भाऊ रस्त्यानं निघाला की पोरं म्हणायची, "भाऊ, अक्षता कवा?" तो थांबायचा आणि त्यांना नीट सांगायचा, विधेयक कसं मांडतात, कसं पडतं. पोरं आधी खिदळायची, मग कंटाळून निघून जायची. हौसाबाईकडे मात्र तो दर बाजारी जायचा. तिच्या दारात उभा राहून काय बोलायचा ते मला माहीत नव्हतं.

आमची मैत्री मोडली नाही. मोडली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. काही महिन्यांनी मी पुन्हा ओसरीवर जाऊ लागलो, चहा पिऊ लागलो. पारनेरकडचा पाऊस, कांदा, त्याचे गुडघे, माझा मोतीबिंदू, सगळं बोलायचो. खुर्ची तो तशीच गुडघ्याला गुडघा लावून ओढायचा. आणि बोलणं संपत आलं की कधी कधी विचारायचा, "मास्तर, काय सांगायचं ऱ्हायलंय का?" मी म्हणायचो, "काही नाही." शेवटचा भेटलो तेव्हा त्याला बोलताना धाप लागत होती. त्यानं नुसतंच म्हटलं, "सांग."

"काय सांगू?"

"जे हाय ते."

मी त्याला सांगितलं की यंदा कांद्याची रोपं बरी उगवली आहेत. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

आम्हा ख्रिस्ती लोकांत, निदान माझ्या चर्चच्या मंडळीत, पाळकासमोर एकट्यानं कबुली द्यायची पद्धत नाही. सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, त्यात आपापलं पाप आपण मनात घालायचं. मी पुष्कळ वर्षं ते घालत आलो. दशक्रियेच्या त्या हशानंतर ते पुरेना. हा लेख लिहायला घेण्याआधी एक निरोप पोचवायचा होता. मागच्या आठवड्यात मी गायरानात गेलो. हौसाबाईचं घर आता एकटंच उभं आहे. आजूबाजूला उठलेल्या घरांचे चौथरे, त्यांच्यात बाभळी. ती दारात बसली होती. बाजार तिनं सोडला आहे, नजर अधू झाली आहे. मी तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाटीवर काय लिहिलं होतं ते सांगितलं, मी काय बोललो, का बोललो, ते सांगितलं. मग म्हणालो, "हौसाबाई, आता तुम्ही मला सांगा."

ती शाळेतल्या पोरीसारखं, एकेक शब्द तोलत म्हणाली, "भाऊनं सांगितलं हुतं, नुसतं स्थळ आलंय. तुमी तुमच्या मनानं अक्षता टाकल्या. भाऊनं ते आंगावर घेतलं. आन् तुमी गप ऱ्हायले." थांबून म्हणाली, "बराबर?"

"बरोबर."

"मंग येवडं सांगायला त्यो मरायची वाट बगितली व्हय, मास्तर?"

तिनं मला पाणीही विचारलं नाही, आणि उठा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं आपण होऊनच म्हणाली, "दर बाजारी यायचा. हितं हुबा ऱ्हायचा. म्हनायचा, हौसाबाई, माजं चुकलं. म्या म्हनायची, हो, तुजं चुकलं. म्या त्याला दर येळी म्हनले, मास्तर… आता त्याला कोन सांगनार, तुजं न्हवतं चुकलं म्हनून?"

तिथून मी भाऊच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. मी लिहितो आहे, असं त्यांना सांगितलं, काय लिहितो आहे तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. पाटी मीच धुतली होती." मग म्हणाल्या, "लिहा. पण भावजी, त्यांना देव करू नका. राग आला होता त्यांना तुमचा. तुम्ही गप्प राहिलात त्या बाजारानंतर सहा महिने ह्या घरात तुमचं नाव घेऊ दिलं नाही. मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, मास्तर का येत नाही, बघा जरा." वहिनी आत गेल्या. मला ते ऐकून बरं वाटलं, हे विचित्र आहे. तो रागावला होता, म्हणजे त्याला ते लागलं होतं. म्हणजे तो मला माफ करून मोकळा झाला नव्हता, वाट पाहत होता.

ओसरीवरच्या दोन्ही खुर्च्या तशाच आहेत. वहिनींनी हलवलेल्या नाहीत. त्याची खुर्ची त्यानं शेवटची ओढली होती तशी, माझ्या खुर्चीला अगदी लागून. मी माझ्या जागेवर बसलो. समोर कुणी नसलं तरी गुडघे आखडूनच घ्यावे लागले. मग मी सांगायला लागलो. नागपूर, पाटी, बाजार, ज्वारी, माईकची वायर, नदीवरचा हशा, हौसाबाई. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही, कुठे अडखळलोही नाही. सगळं सांगून झालं आणि सवयीनं मी थांबलो…

आता परत सांगायची पाळी त्याची होती.